कोपऱ्यातलं तोंड

फाइल अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत चढायची आणि तिथेच फतकल मारून बसायची. सकाळपासून तिसऱ्यांदा हे झालं होतं. मिशीवाल्याने खुर्ची मागे ढकलली, स्क्रीनकडे बघत दोन शब्द पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि चौथ्यांदा अपलोडचं बटण दाबलं.

मिशीवाला म्हणजे कॉलेजच्या व्हिडिओ विभागाचा माणूस. विभाग आपलं म्हणायचं. एक माणूस, दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा आणि जिन्याखालची खोली, जिथे पूर्वी खडूचे खोके आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरमध्ये होतं, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला मिशीवालेच म्हणत. मिशी होतीच तशी. जाड, काळीभोर, वरचा ओठ पार झाकून खाली उतरलेली. एकोणिसाव्या वर्षी ठेवली, ती एकोणचाळिसावं लागलं तरी कात्रीपलीकडे तिला कशाचा स्पर्श झाला नव्हता.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. तासाभराचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातून निघतं तेव्हा त्याची फाइल एवढी अवाढव्य असते की फोनवर बघायची म्हटली तर मुलं वाट बघून म्हातारी होतील. ती पिळून, बारीक करून वेबवर चढवायची, म्हणजे ज्याला जेव्हा हवी तेव्हा बघता येते. शहाणी माणसं याला एन्कोडिंग म्हणतात. मिशीवाला ‘पिळणं’ म्हणायचा. नीट पिळलं तर फाइल हलकी होते आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. कमी पिळलं तर मुलांच्या फोनवर ते एक गोल चक्र फिरत राहतं, आणि मग मुलं फोन करतात. तेही थेट त्यालाच. “सर, फिरतंय.” हे दोन शब्द कानावर आले की त्याचं टाळकं सरकायचं.

दोन वर्षांपूर्वी या फिरण्यावर त्याने रामबाण उपाय काढला. पडद्यावर आकृत्या आणि अक्षरं मोठी ठेवायची, आणि शिकवणाऱ्याचा चेहरा खाली उजव्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत बसवायचा. अक्षरं लख्ख दिसली पाहिजेत. चेहरा कसाही चालेल. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं काढतो, त्यातली दहाच ठेवायची. चेहऱ्यात काय बघायचंय? शिकवणं म्हणजे आवाज. आवाजाला मात्र त्याने जराही धक्का लावला नाही. फाइल वीसपट हलकी झाली, फोन बंद झाले आणि मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजवायला लावणाऱ्या होत्या विभागप्रमुख मॅडम. त्यांना पाठीमागे सगळे जागा मॅडम म्हणत, कारण कोणी काहीही विचारायला गेलं तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “सर्व्हरवर जागा किती उरलीय?” त्यांना खूश ठेवायला मिशीवाल्याने आणखी एक नियम स्वतःच लिहून दिला होता: मूळ रेकॉर्डिंग तीस दिवस ठेवायचं, मग कॉम्प्युटरनेच ते आपोआप पुसून टाकायचं. खाली सहीही त्याचीच होती.

आणि तपासणी? तीही त्याची खास. हेडफोन कानाला लावायचा, तयार झालेली फाइल सुरू करायची आणि डोळे दुसऱ्या स्क्रीनवर, पुढच्या फाइलीवर ठेवायचे. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट आला की फाइल पास. “मी कानाने तपासतो,” असं तो नव्या माणसांना अभिमानाने सांगायचा.

चौथ्यांदा फाइल वर चढली. त्याने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात फोन थरथरला. ताईचा मेसेज होता: ‘आजचा तासही नाही कळला.’

त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. आता हिचं काय करायचं ते तरी कोणी सांगा.

ताई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. सहाव्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. कानात यंत्र घातलं की थोडा आवाज यायचा, पण गुणगुण तेवढी. शब्द ती समोरच्याच्या ओठांवरून घ्यायची. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौदा वर्षं ती काचेच्या नळ्या धूत होती, नमुने लावून ठेवत होती, आणि ज्यांना नळी कशी धरायची ते तिनेच शिकवलं ती पोरं तंत्रज्ञ होऊन तिला कामं सांगत होती. तंत्रज्ञ व्हायचं तर डिप्लोमा हवा. तिने याच कॉलेजात नाव घातलं. पहिलं वर्ष वर्गात होतं. पहिल्या बाकावर बसून, सरांच्या तोंडाकडे टक लावून ती सगळ्या पेपरांतून चांगल्या मार्कांनी सुटली. दुसऱ्या वर्षी तास वेबवर गेले, आणि रक्त तपासणीच्या मोठ्या पेपरात ती सात मार्कांनी गेली. आता पुन्हा तोच पेपर होता, जेमतेम दीड आठवड्यावर. पुढच्या महिन्यात तिचं वय नियमाबाहेर जाणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी. हुकली की जन्मभर नळ्या धुणं.

आणि हिला म्हणे तास कळत नाहीत. मिशीवाल्याला याचाच राग होता. तीनशे मुलं तेच तास बघतात, एकाची तक्रार नाही. तिला शब्दांसाठी ओठ लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी रेडिओवरच्या बातम्या तिच्यासमोर बसून तोच तोंडाने म्हणून दाखवायचा. पण त्याच्याशी बोलताना ताईला कधी अडचण आलेली त्याने पाहिली नव्हती. तो बोलायचा, ती मान डोलवायची. मग पहिलं वर्षभर ज्यांचे ओठ पाहिले त्या सरांचंच का अडावं? लक्ष नसतं, दुसरं काय.

खरं सांगायचं तर ताईबद्दल त्याच्या मनात एक अढी होती, आणि ती सहा वर्षांपूर्वीची होती. बाबा हॉस्पिटलात होते. डॉक्टर बाहेर आले, मिशीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. कॉरिडॉरच्या टोकाला ताई बसली होती. त्याने तिच्याजवळ जाऊन सांगितलं, बाबा गेले. ताईने मान डोलावली, थर्मास उचलला आणि जिना उतरून खाली गेली. परत आली ती चहाने भरलेला थर्मास आणि तीन कप घेऊन. बाप गेल्याचं ऐकून चहा आणायला जाणारी बाई, असं तिचं चित्र त्याच्या मनात जे बसलं ते बसलंच. तोंडाने तो कधी बोलला नाही. पण मूळची कोरडी आहे, कशाचंच मनाला लावून घेत नाही, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप बगलेत मारून तिच्या घरी गेला. समजूत घालायला नव्हे. एकदाचा सोक्षमोक्ष लावायला.

ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीजवळ टेबल, टेबलावर नऊशे पानांचं पुस्तक, त्यातून बाहेर आलेल्या रंगीत चिठ्ठ्या, आणि टॅबलेट. पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. पण पुस्तकात सगळंच असतं. त्यातलं विचारतात काय आणि लिहायचं कसं, ते सर बोलायचे. पडद्यावर नुसती आकृती आणि चार शब्द असत. बाकी सगळं सरांच्या तोंडात. ते शेवटचा तास घेऊन नुकतेच निवृत्त झाले, लेकीकडे राहायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. त्यांनी कधी टिपणं काढली नाहीत. सगळं डोक्यातून यायचं. पडद्याखाली आपोआप अक्षरं उमटवायचा प्रयोगही कॉलेजने करून पाहिला होता, पण त्या अक्षरांनी सरांच्या तोंडी असलं काही घातलं की सरांनीच हात जोडून तो बंद करायला लावला.

“दाखव, काय कळत नाही ते,” मिशीवाला म्हणाला.

ताईने टॅबलेट त्याच्यापुढे सरकवला. सतरावा तास लावला. मग हात पुढे करून आवाज पार बंद केला.

“हे काय?”

“सांग, सर काय म्हणतायत,” ताई म्हणाली.

“आवाज तर लाव.”

“मला नसतोच. तू बघून सांग.”

त्याला हसू आलं. हा तास त्यानेच पिळला होता, कानाने अख्खा ऐकला होता. तो पुढे वाकला. आकृती लख्ख होती. एकेक पेशी मोजून घ्यावी. खाली कोपऱ्यात सर होते. चष्मा कळत होता, टक्कल कळत होतं. नाकाच्या खाली मात्र कणकेचा गोळा होता. तो गोळा थोडा वेळ स्थिर राही, मग एकदम दुसऱ्या आकाराचा होई. मधलं काहीच नव्हतं. उघडलेलं तोंड नाही, मिटलेलं नाही, दातांवर टेकलेली जीभ नाही. त्याने बोटांनी चित्र मोठं केलं. चौकोनी डाग मोठे झाले.

तो चार मिनिटं बघत राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो आपली फाइल डोळ्यांनी बघत होता.

“हे... हे असं आहे?” तो म्हणाला.

“वर्षभर सांगतेय,” ताई म्हणाली. “सरांना तोंडच नाही म्हणून. तू म्हणालास लक्ष दे.”

तो म्हणाला होता. तीन वेळा म्हणाला होता, एकदा तर सगळ्यांसमोर. त्याचे कान तापले. “थांब,” तो म्हणाला. “उद्या सगळं नीट करून देतो. चेहरा मोठा करू, पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवू. मूळ रेकॉर्डिंग असतं ना.”

असतं, हे म्हणतानाच त्याला तीस दिवसांचा नियम आठवला.

सोमवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आधी तो जिन्याखालच्या खोलीत होता. एकूण तास बेचाळीस. मूळ रेकॉर्डिंग शिल्लक होती फक्त शेवटच्या बारा तासांची. आधीचे तीस तास कॉम्प्युटरने नियमाप्रमाणे, ठरल्या तारखेला, एकही दिवस न चुकवता पुसले होते. ज्या कॉम्प्युटरने आयुष्यात एक काम वेळेवर केलं नव्हतं त्याने हे चोख बजावलं होतं. मिशीवाल्याने त्याला एक लाथ घातली. पायाच्या अंगठ्याला लागलं.

पिळलेल्या फाइलीतून पुन्हा चेहरा काढता येत नाही. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पिळताना जे टाकलं ते टाकलं. ते कुठे साठून राहत नाही. तरी त्याने उपाय केलेच. चित्र साफ करून देणारी एक नवी प्रणाली आली होती, ती लावली. दोन तास ती घरघरली आणि सरांना झक्क तोंड बसवून दिलं. ओठ रेखीव, दात पांढरेशुभ्र. मिशीवाल्याने आवाज लावून बघितलं. सर ‘रक्त’ म्हणत होते आणि ओठ भलतंच काही म्हणत होते. प्रणालीने अंदाजाने ओठ काढले होते. हे ताईला दाखवलं असतं तर ती जे शिकली असती ते परीक्षेत लिहून पुरती बुडाली असती.

तो मॅडमकडे गेला. निदान बारा तास तरी मोठ्या चेहऱ्याने पुन्हा चढवू, असं म्हणाला.

“जागा किती उरलीय?” मॅडमनी विचारलं.

“थोडी आहे.”

“बारा तास, तेही मोठ्या चेहऱ्याने, म्हणजे किती जातील?”

त्याने आकडा सांगितला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तक्रारी किती आल्यात?”

“एक.”

“कोणाची?”

“माझ्या बहिणीची.”

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “अहो मिशीवाले, ही पद्धत तुम्हीच बसवलीत. तुमच्याच सहीने. आज घरचा माणूस आला म्हणून बदलायची, तर उद्या मी बाकीच्यांना काय सांगू? अर्ज द्या. पुढच्या महिन्यात समितीपुढे ठेवते.”

पुढच्या महिन्यात. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर? जे टाकलं ते त्याने टाकलं होतं. जी सही होती ती त्याची होती. स्वतःवरचा राग मोठा वाईट, तो काढायला दुसरं तोंड मिळत नाही. तो खोलीत येऊन दार लावून बसला आणि अर्धा तास त्याने “सर, फिरतंय” वाला एकही फोन उचलला नाही.

सगळं लिहून काढावं? एक तास ऐकून टाइप करायला त्याला पाच तास लागायचे. तीस तासांचे दीडशे तास झाले; परीक्षेला उरले होते नऊ दिवस. टेबलावर हेडफोन पडला होता. त्यातून सरांचा आवाज बारीक येत होता, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. आवाज त्याने किती जपला होता. शब्दन् शब्द शाबूत होता, आणि नव्हतं ते फक्त तोंड.

तोंड तर त्यालाही होतं.

मंगळवारी सकाळी सहाला त्याने खोलीत दोन दिवे लावले, कॅमेरा स्वतःकडे वळवला, हेडफोन कानात घातला आणि पहिला तास सुरू केला. सर बोलतील ते वाक्य ऐकायचं, आणि लगेच कॅमेऱ्याकडे बघत तेच म्हणायचं. लहानपणी रेडिओच्या बातम्या सांगायचा तसंच. वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. सर पुढच्या वाक्यावर जायचे आणि हा मागच्याच वाक्यात अडकलेला असायचा. जिभेला न झेपणारी नावं यायची. कसला पदार्थ, कसला रंग, त्याला काडीचं कळत नव्हतं. तरी वीस मिनिटं रेटली. मग थांबून त्याने ते पडद्यावर लावलं, आणि या वेळी आवाज बंद केला.

दिवे चांगले होते, चित्र सेकंदाला पंचवीस होतं, चेहरा पडदाभर होता. आणि पडद्यावर एक मिशी वरखाली होत होती. बाकी काही नाही. वरचा ओठ नव्हताच. खालचा अधूनमधून डोकवायचा. ‘प’ कुठला आणि ‘म’ कुठला, याचा पत्ता लागेना.

त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान आठला उघडायचं. तो पावणेआठलाच जाऊन पायरीवर बसला.

“आकार द्यायचा का?” न्हाव्याने विचारलं. नेहमीचं गिऱ्हाईक.

“काढ.”

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. “घरी सगळं ठीक आहे ना?”

“काढ म्हणतो ना.”

मिशी गेली तेव्हा आरशातला माणूस त्याला ओळखीचा वाटेना. ओठावरची कातडी पांढुरकी, उघडीनागडी दिसत होती. कॉलेजात त्या दिवशी जो भेटला तो हसला. शिपायाने तर त्याला फाटकातच अडवून ओळखपत्र मागितलं. आता याला मिशीवाला म्हणायचं तरी कसं, हा प्रश्नच आहे. पण आपल्याला सवय झाली, आपण तसंच म्हणू.

मग आठ दिवस त्याने तोंड चालवलं. सकाळी सहा ते नऊ, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर दोन तास. सरांचा खोकला वगळला, पाणी पिणं वगळलं, त्यांच्या विद्यार्थीदशेतल्या आठवणी वगळल्या. तिसऱ्या दिवशी घसा बसला, तेव्हा त्याला कळलं की घशाची गरजच नाही. ताईला लागतात ते ओठ. मग तो आवाज न काढताच बोलू लागला, आणि दारातून डोकावणाऱ्या शिपायाने सगळीकडे सांगितलं की मिशी काढल्यापासून यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. बारा तासांची मूळ रेकॉर्डिंग होती, त्यांतले सर त्याने मोठे करून घेतले. सगळं कॉलेजच्या सर्व्हरवर न चढवता स्वतःच्या जागेत टाकलं आणि ताईला दुवे पाठवले. यातली एकही फाइल त्याने पिळली नाही. जेवढी होती तेवढी ठेवली. फिरलं तर फिरू दे.

फिरलंही. ताई रोज पहाटे फाइल उतरवायला लावायची, चहा करायची, अंघोळ करायची, तेव्हा कुठे ती उतरायची. पण मेसेज बदलले. ‘सातवा तास कळला.’ ‘अकरावा कळला. त्यातलं एक नाव तू चुकीचं म्हणालास, पुस्तकात बघितलं.’ ‘एकोणिसाव्यात मधे शिवी दिलीस. कोणाला?’ ती कॉम्प्युटरला होती. मिशीवाल्याने तेवढं कापायचं राहून गेलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तो केंद्राबाहेरच्या बाकावर दीड तास आधीपासून येऊन बसला. त्याचे ओठ फुटले होते, जबडा दुखत होता. आत तिचं काय चाललं असेल या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला होता. एकशेवीस लोक बाहेर आले, ताई शेवटून तिसरी. ती येऊन त्याच्याशेजारी बसली, चपला काढल्या आणि पाय लांब केले.

“काय झालं?” त्याने तिच्याकडे तोंड करून विचारलं.

“सहातले पाच लिहिले. एकाला हात लावला नाही.” मग ती हसली. “दुसरा प्रश्न तुझ्या सातव्या तासातला. लिहिताना तूच दिसत होतास. निघेन रे मी. चांगली निघेन.”

ताई असल्या गोष्टी उगाच बोलणारी नव्हती. नापास झाली तेव्हाही तिने आधीच सांगितलं होतं. मिशीवाल्याने डोळे मिटले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्याने दोन चहा आणले, आणि बाकावर टेकत, उघड्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला, “चला, सुटलो. उद्यापासून मिशी परत सुरू.”

ताई चहात फुंकर घालत होती. ती थांबली.

“ठेव की,” ती म्हणाली. “तुला शोभते. फक्त काही महत्त्वाचं असलं तर लिहून दाखवत जा.”

“का? माझं तर तुला सगळं कळतं.”

“निम्मं कळतं. बाकीचं अंदाजाने घेते.”

“कधीपासून?”

“मिशी ठेवलीस तेव्हापासून.”

त्याने कप बाकावर ठेवला. वीस वर्षं झाली. “मग बोलली का नाहीस?”

“सुरुवातीला विचारायचे, काय म्हणालास म्हणून. तीनदा विचारलं की तू चिडायचास. एकदा दार आपटून निघून गेलास.” ताईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, लॅबमधल्या नळ्यांबद्दल सांगावं तशी ती सांगत होती. “मग मी मान डोलवायला लागले. बहुतेक वेळा जमून जायचं.”

 वीस वर्षांतल्या त्या सगळ्या माना त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागल्या, आणि एका मानेपाशी येऊन तो अडला.

“बाबांच्या वेळी,” तो म्हणाला, सावकाश, ओठ नीट उघडत. “कॉरिडॉरमध्ये मी तुला सांगितलं. तू मान डोलावलीस. थर्मास घेऊन खाली गेलीस.”

 ताईने हातातला कप दोन्ही तळव्यांत धरला.

“मला वाटलं, बाबा उठलेत,” ती म्हणाली. “तीन कप आणले होते मी. वर आले तर त्यांच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता.”

परीक्षा देऊन आलेली माणसं समोरून घोळक्याने जात होती, प्रश्नांवरून हुज्जत घालत होती. मिशीवाल्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. सहा वर्षांचं सांगायचं होतं. आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

ताई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“कळलं,” ती म्हणाली.